विदर्भातल्या विषमुक्त वावरात राहून काम करायचं असेल तर

प्रश्न पुण्याहून आला आहे. विचारणारी सत्तावीस वर्षांची मुलगी नोकरी सोडून तीन महिने फिरणार आहे. विदर्भातल्या सेंद्रिय शेतांवर काम करायचं, बदल्यात जेवण आणि मुक्काम घ्यायचा आणि पुढच्या गावाला निघायचं, असा तिचा बेत आहे. ती विचारते: तीन महिन्यांत दहा-बारा शेतं होतील ना? कोणत्या महिन्यात यावं, शेत कसं शोधावं, एकटीनं राहणं सुरक्षित आहे का? आणि मला शेतीतलं काही येत नाही, तर माझा शेतकऱ्याला खरंच उपयोग होईल का?

माझ्या लेकीच्या वयाची आहेस म्हणून अगंतुगं करते. आमचं नऊ एकर वावर, म्हणजे शेत, वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात आहे. २००९ पासून त्यात रासायनिक खत किंवा औषध पडलेलं नाही. २०१२ च्या हिवाळ्यात पहिला मुलगा आमच्याकडे राहून काम करायला आला. तेव्हापासून दरवर्षी चार-पाच जण येत असतात. त्यांना काम दाखवणारी, जेवू घालणारी आणि आजारी पडले तर दवाखान्यात नेणारी मीच. म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाकीच्यांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

दहा-बारा शेतं फिरलीस तर तुझा कोणालाच उपयोग होणार नाही. तीन महिन्यांत तीन शेतं घेतलीस तर नक्की होईल. दोनच घेतलीस तर फारच चांगलं.

नवीन माणूस आलं की पहिला आठवडा कोणीतरी त्याच्यासोबत चालावं लागतं. कोणतं रोप ठेवायचं, कोणतं उपटायचं, खुरपं कसं धरायचं, कोणत्या बैलाच्या जवळ जायचं नाही, ओल्या हातानं मोटरीच्या बटनाला शिवायचं नाही, हे सांगता सांगता सांगणाऱ्याचं अर्धं काम बुडतं. आमच्याकडे रोजानं येणाऱ्या बाया निंदणात, म्हणजे तण काढताना, जेवढी पात काढतात त्याच्या पाव हिस्साही नवख्याला पहिल्या दिवशी जमत नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, त्यांचे हात लहानपणापासून त्या कामात आहेत. दुसऱ्या आठवड्यात तुझाही हात बसतो. तिसऱ्या आठवड्यात सकाळी उठून तू स्वतःच विचारतेस की आज बांधावरचा पाला कुट्टीला आणायचा का, आणि तेव्हा मला खरी मदत मिळते. पहिला आठवडा आम्ही तुला देतो. चौथ्या दिवशी बॅग भरून निघालीस तर ते देणं तिथंच राहतं, आणि पुढच्या गावात दुसरं कोणी तेच पुन्हा पहिल्यापासून देतं.

हा वावरातला हिशेब झाला. घरातला वेगळा आहे आणि तो सहसा कोणी मांडत नाही. अशा राहण्याचा सगळीकडचा करार साधारण एकच असतो: रोज चार ते सहा तास काम, त्याच्या बदल्यात जेवण आणि मुक्काम. ऐकायला सरळ आहे. पण तुझं काम जातं वावराला आणि जेवण येतं चुलीवरून. वावराचे निर्णय बहुतेक घरी पुरुष घेतात आणि चूल बाईकडे असते. म्हणजे तुझी मदत एकाला होते आणि तुझा भार दुसरीवर पडतो. घरात एक माणूस वाढलं की रोजच्या सहा भाकरी वाढतात, दोन वेळचा चहा वाढतो, धुण्याभांड्याचं पाणी वाढतं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मी पहाटे साडेचारला उठते आणि रात्री दहाला आडवी होते. त्या दिवसांत आलेल्या एका मुलानं तीन आठवडे वावरात मन लावून काम केलं, आमचे हे त्याच्यावर फार खूश होते. माझ्या सासूबाईंच्या लक्षात मात्र एवढंच राहिलं की त्यानं एकदाही आपलं ताट उचललं नाही.

म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगते की तुझ्या चार तासांतला एक तास घराचा. सकाळी अंगण झाडायचं, कोठ्यातलं शेण काढायचं, पाण्याचे गुंड भरून ठेवायचे, रात्रीची भांडी घासायची. मुलगा असो की मुलगी. हे मी काही नवीन सांगत नाही. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा खराटा घेऊनच गावात शिरत. आधी गाव झाडत, कोणाची लाकडं फोडून देत आणि मगच भाकरीला हात लावत. परक्या गावात जाऊन श्रमावर जेवायची रीत आपल्याकडे इतकी जुनी आणि इतकी स्वच्छ आहे. इथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर पवनारला विनोबांनी १९५० च्या सुमारास पैशावाचून जगण्याचा आणि बैलांशिवाय हातानं शेती करण्याचा प्रयोग केला, त्याला ते ऋषिखेती म्हणत. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रभरातली मुलं मे महिन्याच्या उन्हात येऊन राबतात. शेतावर राबून राहण्याला तुम्ही मुलं जे वूफिंग म्हणता ते इंग्लंडमध्ये १९७१ साली सुरू झालं. लंडनला सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कॉपर्ड नावाच्या बाईंना शहराबाहेर मातीत हात घालायचा होता, म्हणून त्यांनी शनिवार-रविवारी ससेक्समधल्या एका शेतावर जायची सोय लावली आणि त्यातून ते जगभर पसरलं. चांगलंच काम आहे. त्याची भारतातली शाखाही आहे, वर्षाची वर्गणी भरली की यजमान शेतकऱ्यांची यादी बघता येते. पण विदर्भातली बहुतेक कसणारी माणसं तुला त्या यादीत सापडणार नाहीत. ती इंग्रजीत स्वतःची माहिती भरत बसत नाहीत.

शेत शोधायचं तर आधी वर्ध्याला ये. सेवाग्राम किंवा वर्धा स्टेशनला उतर, चार दिवस सेवाग्राम-पवनार बघ आणि धरामित्र, गोपुरीतली चेतना विकास, मगन संग्रहालय या संस्थांत जाऊन विचार. या मंडळींचा गावोगावच्या सेंद्रिय शेतकऱ्यांशी जुना संबंध आहे. नागपुरात बीजोत्सव भरतो, तिथे देशी बियाणं राखणारे शेतकरी स्वतः आलेले असतात. एका दिवसात दहा जणांशी बोलणं होतं. अकोल्याहून चालणारं डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशन (आधीचं जैविक शेती मिशन) आहे, त्याचे वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा या सहा जिल्ह्यांत शेतकरी गट आहेत. गटाच्या बैठकीला जाऊन बसलीस तरी ओळखी होतात. गावोगाव फिरायला एसटी बरी, बायकांना अर्धं तिकीट आहे.

एक सांगते, नावाजलेल्या शेतांच्या मागे लागू नकोस. यवतमाळचे सुभाष शर्मा, ज्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, किंवा अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना ती २०१६ साली मिळाली, यांच्याकडून शिकायचं तर त्यांच्या शिबिराला जा, वही घेऊन बस. अशा ठिकाणी माणसांचा ओघ कायम असतो. राहायला मात्र पाच-दहा एकरांच्या शेतकऱ्याकडे जा. तिथे दोन जास्तीचे हात खरोखर हवे असतात.

कोणी फोनवर म्हणालं की आमचं शेत सेंद्रिय आहे, तर त्याला प्रमाणपत्र विचारण्याआधी तीन गोष्टी विचार. जनावरं किती? गेल्या वर्षी बोंडअळीचं काय केलं? बियाणं कुठून आणता? पाळेकरांच्या पद्धतीत एका देशी गाईच्या शेण-गोमूत्रावर तीस एकर होतं असं ते सांगतात. तेवढं ताणलं नाही तरी दावणीला एकही जनावर नसलेलं सेंद्रिय शेत मला फारसं पटत नाही. बोंडअळीच्या प्रश्नावर जो माणूस निंबोळी अर्क, पतंगांना गंधानं ओढणारे कामगंध सापळे, डिसेंबरनंतर पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी न ठेवणं, असं तपशिलानं बोलतो आणि "दोन वर्षं नुकसानही झालं" हे कबूल करतो, तो खरा कसणारा. "आमच्याकडे रोग येतच नाही" म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस. बियाण्याचा प्रश्न कपाशीत सगळ्यात अवघड आहे. २००२ मध्ये जनुक बदललेल्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पाहता पाहता दुकानातून साधं बियाणं दिसेनासं झालं. सेंद्रिय प्रमाणीकरणात बीटी चालत नाही. त्यामुळे सेंद्रिय कापूस घेणारा माणूस सरकी, म्हणजे कपाशीचं बी, कुठून मिळवतो ही त्याच्या चिकाटीचीच गोष्ट असते, ती त्याच्या तोंडून ऐक. प्रमाणपत्राचं म्हणशील तर पीजीएस नावाच्या पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. निर्यातीसाठी लागणारं प्रमाणपत्र बाहेरची संस्था देते आणि हंगामी पिकांसाठी आधीची दोन वर्षं रासायनिकातून सेंद्रियात रूपांतराची धरतात. त्या दोन वर्षांत उत्पन्न घटतं आणि भावही जास्त मिळत नाही. मला विचारशील तर अशा रूपांतरातल्या शेतकऱ्याकडे राहायला जाणं सगळ्यात मोलाचं. त्याच्याकडे निंदण भरपूर असतं, हातात पैसा नसतो आणि गावातले लोक "काय करून राहिला हा?" म्हणून हसत असतात. बाहेरून कोणी येऊन महिनाभर त्याच्यासोबत राबलं की घरातल्यांनाही धीर येतो. आमच्या त्या दोन वर्षांत कोणी आलं नव्हतं, म्हणून मला हे ठाऊक आहे.

आता महिने. पहिल्यांदा येणाऱ्यानं नोव्हेंबर ते जानेवारी यावं. थंडी असते, जमीन कोरडी असते, साप-विंचू कमी निघतात आणि कापूस, तूर, ज्वारी, हरभरा सगळं वावरात उभं असतं. तुरीच्या सोल्यांची आमटी, उकडलेल्या शेंगा, ज्वारीचा हुरडा, वांग्याचं भरीत हे त्याच दिवसांतलं. काम मुख्यतः कापूस वेचणीचं. पहिल्या वेच्याआधी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही करतात, ती चुकवू नकोस. वेचणी दव उडाल्यावर सुरू करायची, कारण ओला कापूस पिवळा पडतो. झाडाच्या खालच्या बोंडांपासून वर जायचं म्हणजे वरची वाळलेली पत्ती खालच्या कापसावर पडत नाही. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळी ठेवायची. केस फडक्यात बांधून घ्यायचे आणि कापूस सुती कापडाच्या ओटीतच घ्यायचा. प्लॅस्टिकच्या पोत्याचा एक धागा किंवा एक लांब केस गाठीत गेला तरी पुढे सुतात दिसतो, आणि सेंद्रिय कापूस घेणारे त्याबाबत फार काटेकोर असतात.

इथे एक अशी गोष्ट आहे जिच्यावर मी अडून बसते. वेचणीची मजुरी किलोवर असते. सराईत बाई दिवसात चाळीस-पन्नास किलो वेचते, नवखी सहा-आठ किलो. तू फुकट वेचलेला प्रत्येक किलो हा एका बाईच्या मजुरीतून गेलेला किलो आहे. दिवाळीनंतरचे हे दोन महिने म्हणजे त्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा. म्हणून आमच्याकडे नियम आहे: तू ज्या बाईच्या शेजारच्या ओळीत वेचतेस तिच्याच गाठोड्यात तुझा कापूस घालायचा आणि संध्याकाळी काट्यावर तो तिच्या नावानं मोजायचा. आमचं नुकसान काहीच होत नाही, मजुरी आम्ही देणारच होतो. ती बाई मात्र तुला मनापासून शिकवते. दुसऱ्या शेतावर जाशील तेव्हा हे आधी बोलून घे. ज्या घरी "पोरं फुकटात येतात, आता बाया सांगायची गरज नाही" असा सूर ऐकू येईल तिथे थांबू नकोस. अशा राहण्यानं गावातल्या बायांची रोजी बुडत असेल तर ते सेंद्रिय शेतीच्या नावाखाली झालेलं पाप आहे असं मी मानते. जी कामं पैशाअभावी मागे पडलेली असतात ती तुझी: कंपोस्टचे ढीग पलटवणं, धुऱ्यावर (बांधावर) गिरिपुष्पाची झाडं लावणं, निंबोळ्या फोडणं, बियाणं निवडणं, वही ठेवणं. विशेषतः वही. कोणत्या तुकड्यात काय पेरलं, किती खर्च, किती माल, हे लिहून देणारं माणूस आम्हाला देवासारखं वाटतं, कारण प्रमाणीकरणाचं अर्धं काम लिहिण्याचं असतं आणि आमचे हात संध्याकाळी लिहिण्याच्या स्थितीत नसतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू-हरभऱ्याची सोंगणी (कापणी), तुरीची मळणी असते. तोही काळ बरा.

एप्रिल-मेमध्ये यायचं असेल तर विचार करून ये. वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. कामं असतात, वावर साफ करणं, धसकटं (कापलेल्या पिकाची बुडखं) वेचणं, सोयाबीनचं घरचं बियाणं तपासणं. शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळायचे, सत्तर तरी उगवले तर पेरायला चालतात. पण काम पहाटे साडेपाच ते दहा, मग थेट संध्याकाळी. २०१६ च्या मे महिन्यात मुंबईचा एक मुलगा आम्ही नको म्हणत असताना बारापर्यंत धसकटं वेचत राहिला. दुपारी त्याला मळमळायला लागलं, घाम येणं थांबलं, बोलणं अडखळलं. अंगावर ओलं धोतर टाकून, पाणी मारत त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं आणि दोन दिवस सलाईन लागलं. तेव्हापासून उन्हाळ्यात दहानंतर कोणी वावरात दिसलं तर मी स्वतः जाऊन हाताला धरून आणते. घाम थांबणं ही धोक्याची खूण आहे, एवढं लक्षात ठेव.

जूनमध्ये नको. मृग लागला की शेतकऱ्याचा जीव आभाळाकडे असतो. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असं कृषी विभाग सांगतो, पण शेजाऱ्यानं पेरणीची तिफण काढली की मन राहत नाही. दुबार पेरणीची टांगती तलवार असते. अशा वेळी घरात पाहुणा नकोसा होतो, आणि तो दोष कोणाचाच नसतो.

जुलै-ऑगस्ट हे शिकायला सर्वांत चांगले आणि राहायला सर्वांत कठीण महिने. काळी माती पायाला किलोकिलोनं चिकटते. गमबूट आणू नकोस, तो चिखलात राहतो आणि पाय बाहेर येतो. धुता येणारे साधे प्लॅस्टिकचे बूट आण. निंदण आणि डवरणी (ओळींमधली कोळपणी) सारखी चालू असते. आमच्या वावरात कपाशीच्या ओळींमध्ये तूर असते, मधूनमधून ज्वारी, अंबाडी, बरबटी (चवळी), मूग. एका पावसाळ्यात नाशिकची एक फार कष्टाळू मुलगी आली होती. दुसऱ्याच दिवशी तिनं एकटीनं तीन ओळी चकचकीत निंदून काढल्या, आणि कपाशी सोडून बाकी सगळं उपटून धुऱ्यावर टाकलं. आमच्या सखूबाय, म्हणजे गेली वीस वर्षं आमच्याकडे येणाऱ्या मावशी, कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अवं माय, थे बरबटी होय! थे ठेवाची असते." चूक माझी होती. तिला शहरातून येताना शेत म्हणजे एक पीक हेच ठाऊक होतं आणि मी दाखवायला कमी पडले. आता पहिला पूर्ण दिवस मी कोणाला काही उपटू देत नाही. फक्त चालायचं, पान चुरगाळून वास घ्यायचा, नाव विचारायचं. वीस रोपं ओळखता आली की खुरपं हातात.

त्याच मोसमात झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात भाताची रोवणी असते. मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावांचं पाणी बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, सोडलेलं, कमरेत वाकून बाया पऱ्हे (भाताची रोपं) लावत असतात. ते काम कंबरेचं आहे, दोन तासांपेक्षा जास्त पहिल्या दिवशी करू नकोस. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे याच मातीतले. त्यांनी आपल्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून निवडून एचएमटी हा तांदूळ घडवला. पुण्यातही तू तो खाल्ला असशील. ते २०१८ मध्ये गेले.

ऑगस्टअखेर-सप्टेंबरात पोळा येतो. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असं त्यांना म्हणतात, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा. पोळ्याच्या दिवशी बैलांकडून काम घेत नाहीत, तूही मागू नकोस.

एकटीनं राहण्याबद्दल. ज्या घरात बाई राहते त्याच घरी राहा. वावरातल्या एकट्या झोपडीत, कितीही सुंदर दिसली तरी, रात्री राहायचं नाही. जाण्याआधी त्या घरातल्या बाईशी स्वतः फोनवर बोल. तिच्या आवाजावरून तुला कळेल की तिला तू यायला हवी आहेस की नाही. संडास कुठे आहे, झोपायची खोली कोणती, दाराला आतून कडी आहे का, हे सरळ विचार. आम्हाला राग येत नाही. गावात गेल्यावर सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना, आणि गावातल्या आशाताईंना भेटून ये. चार माणसांना ठाऊक असलेलं माणूस गावात सुरक्षित असतं. परदेशी मैत्रीण सोबत आणणार असशील तर यजमानाला चोवीस तासांच्या आत परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म (ज्याला सी-फॉर्म म्हणतात) ऑनलाइन भरावा लागतो आणि पर्यटक व्हिसावर स्वयंसेवी कामाला मर्यादा आहेत. ते आधी तपासल्याशिवाय तिला आणू नकोस, अडचणीत शेतकरी येतो.

साप हा खरा विषय आहे. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दात इतके बारीक की कित्येकदा कळतही नाही. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोप. रात्री बॅटरीशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. कुटारात (भुशात) किंवा पऱ्हाट्यांच्या ढिगात हात घालण्याआधी काठी घाल. चावलाच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही, हातपाय न हलवता थेट सरकारी दवाखाना आणि १०८ ला फोन. गावात पोहोचल्या दिवशीच विचारून ठेव की सापाची लस सर्वांत जवळ कुठे मिळते आणि रात्री गाडी कोणाची मिळते. धनुर्वाताचं इंजेक्शन पुण्यातूनच घेऊन निघ. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक राखायला रात्री जागलीला जायची मुलांना फार हौस असते. ताडोबा, टिपेश्वरच्या आसपास वाघाचा वावर आहे, तिथे जागलीचा हट्ट कधी धरायचा नाही.

आणि सेंद्रिय शेतावर असूनही विषाचा धोका असतो हे बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. आमच्या तिन्ही बाजूंना रासायनिक शेती आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. उंच वाढलेल्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन शिरलेली साधी माणसं. आमच्या गावातल्या घराघरात तेव्हा भीती बसली होती आणि त्या वर्षीच आमच्या शेजारच्या दोघांनी पहिल्यांदा "तुमचा तो दशपर्णी अर्क कसा करता?" म्हणून विचारलं. शेजारच्या वावरात पंपाचा आवाज आला की वाऱ्याची दिशा बघत बसायचं नाही, काम टाकून घरी यायचं. त्या बाजूच्या धुऱ्यावरची भाजी तोडायची नाही. औषधाचा रिकामा डबा कितीही चांगला दिसला तरी पाण्याला वापरायचा नाही.

पैशाचं. तीन-चार आठवडे राहणाऱ्याकडून आम्ही काही घेत नाही आणि त्याला मजुरीही देत नाही. आठवड्यापेक्षा कमी राहणार असशील तर ते स्वयंसेवकाचं राहणं नाही. मग पाहुणी म्हणून ये, जेवणाचे पैसे दे, कोणाला अवघडल्यासारखं होणार नाही. येताना मिठाईचा पुडा आणण्यापेक्षा एक चांगला विळा, एक बॅटरी किंवा हातमोज्यांचे चार जोड आण. फोटो काढण्याआधी विचार, विशेषतः मजूर बायांचे. आणि जेवताना "मी हे खात नाही"ची यादी असेल तर ती फोनवरच सांग. चुलीपुढे बसलेल्या बाईला सहावी भाकर थापून झाल्यावर ते ऐकायला लागू नये.

तुझे तीन महिने नोव्हेंबरपासून धरलेस तर पहिलं शेत वर्धा-यवतमाळकडे कापसाचं घे, संक्रांतीनंतर दुसरं गहू-हरभऱ्याचं. शेवटचे दहा दिवस हिंडायला मोकळे ठेव, म्हणजे शेतावर असताना मन पुढच्या गावात अडकणार नाही. फोन रात्री आठनंतर कर, दिवसा आम्ही सगळे वावरात असतो. येण्याचा दिवस एक वेळ पुढेमागे झाला तरी चालतो, पण निघण्याचा दिवस मात्र निदान आठवडाभर आधी सांग आणि मग तो बदलू नकोस. आमच्याकडे दुसऱ्या दिवशीच्या बाया आदल्या रात्री सांगाव्या लागतात. तू आहेस असं धरून मी दोनच सांगितल्या आणि सकाळी तू एसटीत असलीस, तर तो दिवस गेला.